दोन तासांच्या बोटीसाठी एवढा खर्च करायचा का?

पत्र: नमस्कार, तुमचं सदर नेहमी वाचते. मी सांगलीची, वय ६१. मुलगा-सून नॉर्वेत ऑस्लोला असतात, दोघंही नोकरी करतात. जूनमध्ये मी, मिस्टर (वय ६८) आणि सासूबाई (वय ८१, चालतात पण जिने नको) असे तिघं त्यांच्याकडे जाणार आहोत. फ्योर्ड (उंच डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या) बघायचेच आहेत पण घरात एकमत होत नाहीये. मुलगा म्हणतो फ्लॉम गावाला जाऊन नॅरॉयफ्योर्डमधली दोन तासांची बोट करू. सून म्हणते एवढं लांब कशाला, बर्गन शहरातूनच तीन-साडेतीन तासांची बोट सुटते ती करा. मला वाटतं तिला आम्हाला घेऊन फिरायचा कंटाळा आलाय. मिस्टर म्हणतात दोन तास बोटीत बसायला एवढे पैसे घालण्यापेक्षा मोठ्या क्रूझचं आठवड्याचं पॅकेज घेऊ. आणि मला बोट लागते, मालवणला किल्ल्यावर जाताना उलट्या झाल्या होत्या. सासूबाई अंडंसुद्धा खात नाहीत. काय करू?

उत्तर:

ताई, मुलाचं ऐका. पण मुलगा सांगतोय त्यात एक रात्र जोडा, फ्लॉममध्ये मुक्काम करा. तुमच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर माझ्या मते ह्या एका रात्रीत आहे, ते कसं ते सांगते, जरा लांबण लागेल.

आधी मिस्टरांचं घेऊ कारण पैशाचा विषय निघाला की घरात तोच शेवटपर्यंत चालतो. त्यांना वाटतंय मोठी क्रूझ म्हणजे मोठा फ्योर्ड. तसं नसतं हो. हजारो लोकांची ती जहाजं सोग्नेफ्योर्डमधून आत येतात, फ्लॉमच्या धक्क्याला लागतात, आणि मग त्यातलेच कितीतरी लोक खाली उतरून वेगळे पैसे भरून हीच दोन तासांची छोटी बोट पकडतात! कारण नॅरॉयफ्योर्ड सगळ्यात अरुंद जागी फक्त २५० मीटर रुंद आहे आणि दोन्ही बाजूचे डोंगर सतराशे मीटरपर्यंत गेलेत. तिथली मजाच ही आहे की तुम्ही पाण्याच्या लगत उभे असता आणि मान मागे टाकल्याशिवाय कडा संपत नाही. पंधरा मजली जहाजाच्या बाल्कनीतून हे तसं दिसत नाही, तिथून तुम्ही निम्मा डोंगर आधीच चढून बसलेले असता. शिवाय आठवड्याच्या पॅकेजमधला बराचसा वेळ उघड्या समुद्रात जातो, आणि तुम्हाला बोट लागते ती नेमकी तिथे लागेल.

आता बोट लागण्याचं. मालवणहून किल्ल्यावर जाणारी होडी समुद्राच्या लाटांवर असते, छोटी असते, इंजिनाचा धूर नाकात जात असतो. फ्लॉम कुठे आहे ते नकाशात बघा एकदा. सोग्नेफ्योर्ड हा नॉर्वेतला सगळ्यात लांब फ्योर्ड, दोनशे किलोमीटरच्या वर, आणि फ्लॉम त्याच्या आउरलँडफ्योर्ड ह्या फाट्याच्या पार आतल्या टोकाला. समुद्राची लाट तिथपर्यंत पोचतच नाही. पाणी खारं असतं, भरती-ओहोटी असते, पण बहुतेक वेळा एखाद्या धरणाच्या जलाशयासारखं शांत. वारा सुटला तर थोड्या लाटा येतात, त्या चारशे माणसांच्या बोटीला फार जाणवत नाहीत. दुसरं म्हणजे ह्या मार्गावर आता बॅटरीवरच्या बोटी आहेत. ‘फ्युचर ऑफ द फ्योर्ड्स’ नावाची पूर्ण इलेक्ट्रिक बोट २०१८ मध्ये सुरू झाली, त्याच्या आधी २०१६ ला ‘व्हिजन ऑफ द फ्योर्ड्स’ ही हायब्रिड आली. धूर नाही, डिझेलचा वास नाही, घरघर नाही. मळमळीचं निम्मं कारण तिथेच गेलं. तरी मनातली भीती असते म्हणून डॉक्टरांना विचारून गोळी पर्समध्ये ठेवा, बोटीच्या मधल्या भागात बसा आणि मोबाईलमध्ये मान खाली घालून व्हिडिओ बघत बसू नका, लांब समोर बघा.

मिस्टर इंजिनिअरिंगवाले किंवा तसल्या गोष्टींची आवड असलेले असतील तर त्यांना अजून एक सांगा. गुडवांगेनला म्हणजे दुसऱ्या टोकाला वस्ती एवढुशी आहे की एवढी मोठी बोट पटकन चार्ज करायला लागणारी वीज तिथल्या लाइनवर एकदम मिळणं अवघड. म्हणून त्यांनी धक्क्याला एक तरंगती बॅटरीच बांधून ठेवलीय, ती दिवसभर हळूहळू वीज भरून घेते आणि बोट आली की वीसेक मिनिटांत तिच्यात ओतते. आणि हे नुसतं हौसेपोटी नाहीये. नॅरॉयफ्योर्ड आणि गायरांगरफ्योर्ड दोन्ही २००५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत, आणि त्या भागात प्रवासी जहाजांनी धूर सोडायचाच नाही असा नियम नॉर्वेने केलाय, लहान जहाजांना २०२६ पासून आणि खूप मोठ्यांना २०३२ पासून. तर मोठ्या क्रूझचा हट्ट आणखीच सोडा म्हणावं.

सूनबाईंबद्दल. ताई, रागावू नका पण कंटाळा वगैरे काही नाही हो. दोघांना नोकरी आहे, रजा मोजून मापून असणार, आणि ८१ वर्षांच्या आजेसासूबाईंना घेऊन ट्रेन, मग दुसरी ट्रेन, मग बोट, मग बस हे तिच्या डोळ्यासमोर आलं असणार. ती म्हणतेय ती बर्गनची बोट वाईट नाहीये, मोस्ट्राउमेनची असते ती. बर्गनच्या बंदरातूनच निघते, ऑस्टरफ्योर्डमधून आत जाते, शेवटी मोस्ट्राउमेन ह्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत शिरते जिथे पाण्याला चांगलीच ओढ असते, आणि कप्तान बोट धबधब्याच्या एवढी जवळ नेतो की पाणी अंगावर येतं. ज्याच्याकडे बर्गनमध्ये एकच दिवस आहे त्याला मी डोळे झाकून तीच सांगेन. पण डोंगर तिथे तेवढे अंगावर येत नाहीत. तुमच्याकडे दिवस आहेत, मुलगा तिथेच राहतो, मग उगाच दुसऱ्या नंबरचं कशाला बघायचं? ती बोट हाताशी ठेवा, फ्लॉमला काही गडबड झाली तर.

आणि ती जी काळजी तिला वाटतेय ना, की म्हाताऱ्या माणसाला एका दिवसात एवढं झेपणार कसं, ती अगदी बरोबर आहे! म्हणूनच म्हटलं रात्र जोडा. हा सगळा मार्ग, ऑस्लो किंवा बर्गनहून ट्रेन, फ्लॉमची रेल्वे, बोट, बस, परत ट्रेन, हा ‘नॉर्वे इन अ नटशेल’ ह्या नावाने पॅकेजसारखा विकला जातो आणि बरेच लोक तो एका दिवसात उरकतात. ऑस्लोहून सकाळी निघून रात्री बर्गनला. होतं, नाही असं नाही, पण दिवसभर घड्याळ बघत पळायचं, पुढचं कनेक्शन चुकेल का ह्या धाकात फ्योर्ड बघायचा, आणि फ्लॉमला तुम्ही नेमके भर दुपारी पोचणार, गर्दी सगळ्यात जास्त असते तेव्हा. तिथे राहणारी माणसं काही शेकड्यांत, आणि धक्क्याला एखादं मोठं जहाज लागलेलं असलं की एका वेळी हजारो माणसं आइस्क्रीम हातात घेऊन हिंडत असतात. मला ते गाव दुपारी अजिबात आवडलं नव्हतं, नुसती दुकानं. संध्याकाळी जहाज भोंगा देऊन निघून जातं आणि मग खरं गाव राहतं, आणि जूनमध्ये संध्याकाळ म्हणजे रात्री साडेदहा-अकरापर्यंत उजेड. सासूबाईंना जेवण झाल्यावर धक्क्यावर बाकावर नेऊन बसवा, तेवढ्यानेही त्यांचा नॉर्वे बघून होईल. (कोणत्या दिवशी कोणतं जहाज लागणार ते आधीच जाहीर झालेलं असतं, मुलाला नेटवर बघायला सांगा आणि शक्य असेल तर जहाज नसलेला दिवस धरा.)

तर असं करा. पहिल्या दिवशी ऑस्लोहून सकाळची बर्गनकडे जाणारी ट्रेन, मिरदालला उतरायचं, साधारण पावणेपाच-पाच तास लागतात. हा प्रवास म्हणजे वेळ घालवणं नाही हं, १९०९ साली पूर्ण झालेली ही लाइन आहे, वाटेत फिन्से स्टेशन १२२२ मीटरवर, जूनमध्येही खिडकीबाहेर बर्फ असतो, आणि सासूबाईंना हे सगळं खुर्चीत बसून, टॉयलेट दहा पावलांवर असताना बघायला मिळतं. मिरदालला समोरच फ्लॉमची छोटी रेल्वे उभी असते. वीस किलोमीटर, तासाभरात साधारण ८६५ मीटर खाली उतरते, वीस बोगदे, त्यातले अठरा हाताने फोडलेले. मध्ये शोसफॉसेन धबधब्याला गाडी थांबते, लोक उतरून फोटो काढतात, उन्हाळ्यात तिथे लाल कपड्यातली बाई येऊन नाचते आणि गाणं लागतं. नॉर्वेजियन लोककथांमधली हुल्ड्रा म्हणजे पुरुषांना भुलवून नेणारी डोंगरातली बाई, तिचं सोंग आहे ते. मला जरा टुरिस्टी वाटलं पण मिस्टरांना आवडेल.

फ्लॉमला स्टेशन, बोटीचा धक्का, हॉटेलं, दुकान सगळं एकमेकांना लागून, सपाट. त्या दिवशी अंगात दम असेल तर स्टेगास्टाइनला बसने जाऊन या, आउरलँडफ्योर्डच्या ६५० मीटर वर दरीच्या बाहेर काढलेला लाकडी सज्जा आहे, बस जवळ नेऊन सोडते, चढायचं काही नाही. चक्कर येणाऱ्यांनी काचेच्या टोकापर्यंत नाही गेलं तरी चालतं.

दुसऱ्या दिवशी सकाळची बोट, आणि ती फ्लॉमहून गुडवांगेनकडे जाणारी घ्या, उलटी नको. तिकीट दोन्ही बाजूंनी मिळतं, दोन तासच लागतात, पण ह्या बाजूने गेलं की आधी रुंद आउरलँडफ्योर्ड लागतो, डोळे सरावतात, वाटेत उंड्रेडाल गाव दिसतं जिथे माणसं जेमतेम शंभर आणि बकऱ्या त्यांच्या कितीतरी पट. बकरीच्या दुधाच्या तपकिरी चीजसाठी ते गाव प्रसिद्ध आहे आणि तिथे बाराव्या शतकातलं एक इवलंसं लाकडी चर्च अजून वापरात आहे, चाळीसेक माणसं बसतील एवढंच. मग बोट डावीकडे वळते आणि नॅरॉयफ्योर्ड सुरू होतो, आणि तो पुढे पुढे अरुंदच होत जातो. आपला वरंधा घाट डोळ्यासमोर आणा, पावसाळ्यातला, आणि ती दरी अर्ध्यापर्यंत पाण्याने भरलीय आणि तुम्ही त्या पाण्यावर आहात. गुडवांगेनहून उलट आलात तर सगळ्यात भारी भाग पहिल्या अर्ध्या तासात संपतो आणि नंतर लोक आत जाऊन कॉफी पीत बसतात.

हे झालं कसं तेही सासूबाईंना सांगता येईल, त्या नक्की विचारणार. हिमयुगांमध्ये इथे बर्फाचे प्रचंड थर होते, त्यातल्या हिमनद्यांनी आधीच्या नद्यांच्या दऱ्या लाखो वर्षं खरवडून खोल केल्या, इतक्या की तळ समुद्राच्या पातळीच्या कितीतरी खाली गेला. बर्फ वितळला तसं समुद्राचं पाणी आत शिरलं. सोग्नेफ्योर्डची जास्तीत जास्त खोली १३०० मीटर आहे पण तोंडाशी तो बराच उथळ आहे, कारण हिमनदी समुद्राजवळ येईपर्यंत पातळ झालेली असायची, खरवडायचा जोर कमी पडायचा. म्हणजे सोग्नेफ्योर्डच्या सगळ्यात खोल भागात वर डोंगर दिसतो तेवढाच जवळपास पाण्याखालीही आहे.

बोटीवर जिन्यांची चिंता करू नका, ह्या नव्या बोटींना बाहेरच्या बाजूने उताराचा रस्ता केलाय, डोंगरातल्या नागमोडी पायवाटेसारखा, व्हीलचेअरही वर जाते. आत मोठ्या काचा आहेत, हीटर आहे, टॉयलेट आहे. पण एक नक्की करा, सगळा वेळ आत बसू नका. काचेतून फ्योर्ड बघायचा तर सांगलीत घरी टीव्हीवर बघितलेला काय वाईट होता? वीस मिनिटं बाहेर, दहा मिनिटं आत, असं करत राहा. नॅरॉयफ्योर्डमध्ये शिरल्यावर मात्र बाहेरच. खडकांवर कधी कधी सील पहुडलेले असतात, दुर्बीण असेल तर मिस्टरांच्या गळ्यात अडकवा म्हणजे पैसे वसूल झाले का हा विषय दोन तास तरी निघणार नाही.

कपडे. जून म्हणून फसू नका, दहा-पंधरा डिग्री धरून चला आणि बोट चालू असताना वारा लागतो तो वेगळा. सासूबाई साडीच नेसणार असतील तर नेसू देत, आतून थर्मल लेगिंग, पायात लोकरीचे मोजे आणि बंद बूट, वरून जाड जॅकेट आणि कानटोपी. कानटोपीला लाजायचं नाही, तिथे सगळेच घालतात. छत्री डेकवर निरुपयोगी, उलटी होते, टोपीवाला रेनकोट घ्या. पाऊस पडेल का असं विचारूच नका, बर्गन युरोपातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या शहरांपैकी आहे, वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पडतो. फ्लॉम आतल्या बाजूला असल्यामुळे तिथे कमी, पण पडतोच. पावसामुळे तिकीट रद्द करायचा विचार करू नका, बोट जाते, आणि कड्यांवरून एरवी नसलेले धबधबे सुटतात. जून निवडलात हे बेस्ट केलंत, वरचा बर्फ वितळत असतो, पाणी भरपूर. ऑगस्ट संपता संपता हेच धबधबे रोडावतात.

खाण्याचं मात्र जपावं लागेल. बोटीवर आणि स्टेशनांवर जे शाकाहारी म्हणून सहज मिळतं ते म्हणजे वॉफल, जॅम आणि तपकिरी चीज लावलेलं, आणि त्यात अंडं असतं. सूप विचारलं तर ते बहुतेक माशाचं. सासूबाईंसाठी डबा न्यायचाच. दशम्या, मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची चटणी, आणि भडंग तर सांगलीकरांना मी काय सांगू! हे ऑस्लोला घरी करून घ्या किंवा इथून न्या, पण भारतातून निघताना पेढे, तूप, खवा, पनीर असलं दुधाचं काही बॅगेत टाकू नका, युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नॉर्वेत न्यायला बंदी आहे. मुलासाठी साजूक तुपातले लाडू नेणार असाल तर विचार करा, विमानतळावर काढून घेतले तर तुमचाच जीव तुटेल. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, नळाचं पाणी उत्तम असतं, आणि बाटलीचा भाव बघून मिस्टरांना खरंच चक्कर येईल. फ्लॉमला सुपरमार्केट आहे, दही, फळं, ब्रेड, उकडलेले बटाटे सगळं मिळतं. हॉटेल घेताना किचन असलेली खोली किंवा केबिन मिळते का बघा, मऊभात केला की सासूबाई खूश.

गुडवांगेनला उतरलात की व्हॉसला जाणारी बस असते, तासाभराचा रस्ता, आणि व्हॉसहून ट्रेनने सव्वा तासात बर्गन. सामान कमी ठेवा, मोठ्या बॅगा ऑस्लोलाच राहू देत. आणि सासूबाई दमल्या असतील किंवा फ्लॉमलाच दोन रात्री घेतल्या असतील तर गुडवांगेनहून शटल बसने वीस-पंचवीस मिनिटांत बोगद्यातून परत फ्लॉम, कारण जो डोंगर बोट दोन तास वळसा घालून जाते तो रस्त्याने सरळ पोखरलेला आहे.

गायरांगरबद्दल तुम्ही विचारलं नाही पण कोणीतरी नातेवाईक नक्की म्हणणार की तिथे नाही गेलात तर काय बघितलं. सुंदर आहे, सात बहिणी नावाचा धबधबा आहे, कड्यावर चिकटल्यासारखी जुनी सोडून दिलेली शेतघरं आहेत जिथे म्हणे लहान पोरं दरीत पडू नयेत म्हणून त्यांना दोरीने बांधून ठेवायचे. पण तुमच्या रस्त्यात ते येत नाही, ऑस्लोहून वेगळा मोठा प्रवास आहे. ह्या वेळी नको.

पैशाचं थोडक्यात. एका क्रोनरला (तिथलं चलन) किती रुपये पडतात ते निघण्याआधी एकदा बघा आणि मग तिथे गेल्यावर रुपयात हिशोब करणं बंद करा नाहीतर चहा घशाखाली उतरणार नाही. ‘नटशेल’चं पॅकेजच घ्यायला हवं असं नाही, ट्रेन, फ्लॉमची रेल्वे, बोट, बस सगळी तिकिटं सुटी मिळतात, आणि मध्ये मुक्काम करायचा असेल तर सुटी घेणंच सोयीचं. ६७ वर्षांच्या वरच्यांना मोठ्या ट्रेनमध्ये सवलत असते, म्हणजे मिस्टर आणि सासूबाई दोघांना, वय दाखवायला पासपोर्ट जवळ ठेवा. बोटीवर आणि फ्लॉमच्या रेल्वेत ती मिळेलच असं धरू नका. ट्रेनची तिकिटं लवकर काढली तर बरीच स्वस्त पडतात. आणि मिस्टरांना एवढंच म्हणा की आठवड्याच्या क्रूझचं पॅकेज जेवढ्याला पडणार होतं त्याच्या काही भागात पाचही जणांची बोट, दोन्ही रेल्वे आणि फ्लॉमची रात्र बसते. तिकिटाचे पैसे तुम्ही द्या, मुलगा नको म्हणेल तरी द्या, आणि सूनबाईंना तारीख ठरवू द्या, तिची रजा बघून. शुक्रवार-शनिवार जमला तर तिला एकच सुट्टी टाकावी लागेल, रविवारी बर्गन बघून संध्याकाळी विमानाने तासाभरात घरी.

बुकिंग करताना आधी फ्लॉमची खोली, कारण जूनमध्ये खोल्या मोजक्या आणि त्या सगळ्यात आधी जातात. खोली मिळाली की त्या तारखेची ट्रेन, मग फ्लॉमची रेल्वे, आणि बोट शेवटी, दिवसाला बऱ्याच फेऱ्या असतात. खोलीच मिळाली नाही तर आउरलँड गावात बघा, फ्लॉमपासून दहा मिनिटांवर आहे आणि बस असते. आजच मुलाला फोन करा, व्हिसा यायची वाट बघत थांबू नका, फुकट रद्द करता येईल अशी खोली घेऊन ठेवायला सांगा.